धुळीआडचा विस्तव

मराठीत 'रंग' या शब्दाला जितक्या छटा आहेत तितक्या दुसऱ्या शब्दाला क्वचितच असतील. मैफल रंगते, गाण्याला रंग चढतो, रंगाचा बेरंग होतो, आणि व्यवहारी मनुष्य समोरच्याचा रागरंग पाहून मगच तोंड उघडतो. खगोलशास्त्रज्ञाच्या कोशात मात्र या शब्दाचा अर्थ अत्यंत रुक्ष आहे. त्याच्या लेखी रंग म्हणजे एक वजाबाकी. एकाच ज्योतीचे तेज दोन निरनिराळ्या फिल्टरांतून मोजायचे आणि एका आकड्यातून दुसरा आकडा वजा करायचा. जे उरेल तो त्या ज्योतीचा रंग. या वजाबाकीने अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेली, धुळीच्या दाट पडद्यामागे दडलेली प्रचंड कृष्णविवरे शोधून काढली आहेत, आणि तीही मानवी डोळ्यांना मुळीच न दिसणाऱ्या रंगांवरून. हे कसे साधले आणि अशा पुराव्यावर कितपत विसंबावे, याची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. कला शाखेच्या वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. वजाबाकीच्या पलीकडचे गणित येथे येणार नाही.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा असंख्य दीर्घिका विश्वात विखुरलेल्या आहेत, आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या गाभ्यात एक महाकाय कृष्णविवर आहे. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे चाळीस लाख सूर्यांइतके आहे. ते सिद्ध करणाऱ्या राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु आपले हे कृष्णविवर सध्या जवळजवळ उपाशी आहे, म्हणून शांत आहे. जेथे कृष्णविवराला वायूचा भरपूर पुरवठा होत असतो तेथील देखावा वेगळाच असतो. आत पडणारा वायू सरळ पडत नाही. भोवऱ्यातील पाण्याप्रमाणे तो गरगरत जातो, त्याची एक तबकडी बनते, आणि घर्षणाने ती तबकडी भयंकर तापते. हायड्रोजनच्या ज्वलनावर सूर्य चालतो. त्या प्रक्रियेत वस्तुमानाचा शेकडा एक भागही ऊर्जेत रूपांतरित होत नाही. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत मात्र शेकडा दहाच्या आसपास भागाचे तेज होते. म्हणूनच सूर्यमालेएवढ्या जागेतून निघणारा प्रकाश सबंध दीर्घिकेतील अब्जावधी ताऱ्यांना फिके पाडू शकतो. अशा जागृत गाभ्याला सक्रिय दीर्घिकाकेंद्र म्हणतात.

कार्ल सायफर्ट या अमेरिकन संशोधकाने १९४३ मध्ये काही दीर्घिकांचे गाभे विलक्षण तेजस्वी असून त्यांच्या वर्णपटात रुंद, ठळक रेषा आहेत हे दाखविले. त्या काळी या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी '३ सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या वर्णपटाचा उलगडा केला, तेव्हा तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूर असल्याचे निष्पन्न झाले. एवढ्या अंतरावरून दिसतो, त्याअर्थी तो आपल्या सबंध आकाशगंगेच्या कितीतरी पट तेजस्वी असला पाहिजे. क्वेसार हे नाव त्यानंतर रूढ झाले. सायफर्टच्या दीर्घिका आणि क्वेसार ही एकाच कुळातील लहानमोठी भावंडे आहेत हे आता सर्वमान्य आहे.

येथवरची कथा प्रकाशाची झाली. खरी अडचण अंधाराची आहे. सायफर्टच्या दीर्घिकांचे दोन प्रकार आढळत: काहींच्या वर्णपटात रुंद रेषा दिसत, काहींत फक्त अरुंद. तिमिंगल तारकासमूहातील मेसिए ७७ ही दीर्घिका दुसऱ्या प्रकारची. १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी तिच्या प्रकाशातील केवळ ध्रुवित भाग, म्हणजे कोठेतरी आपटून परावर्तित होऊन आलेला भाग, वेगळा काढून तपासला. त्यात रुंद रेषा स्वच्छ दिसल्या! याचा अर्थ असा की रुंद रेषा उत्पन्न करणारा गाभा तेथे आहेच, परंतु तो आपल्याला समोरून दिसत नाही. त्याच्याभोवती धुळीचे आणि वायूचे जाड कडे आहे, आणि आपण त्या कड्याच्या बाजूने पाहत आहोत. दिंडीदरवाजातून वाड्याचा चौक दिसू नये, पण चौकातील दिव्याचा उजेड वरच्या तक्तपोशीवर पडलेला दिसावा, तसाच हा प्रकार. म्हणजे दोन प्रकार हे पुष्कळ अंशी एकाच वस्तूकडे दोन दिशांनी पाहिल्याचा परिणाम ठरले.

यावर एखादा रसिक म्हणेल, दडलेली आहेत तर राहोत. जी दिसतात ती का थोडी आहेत? पण प्रश्न हिशेबाचा आहे. पोलिश खगोलशास्त्रज्ञ आंद्रे सोल्तान यांनी १९८२ मध्ये एक साधा आणि मार्मिक युक्तिवाद मांडला. क्वेसारांनी आजवर ओतलेला एकूण प्रकाश मोजा. तेवढा प्रकाश निर्माण करण्यासाठी किती द्रव्य कृष्णविवरांच्या पोटात गेले असेल ते काढा. आणि आजूबाजूच्या दीर्घिकांत आज निद्रिस्त असलेल्या कृष्णविवरांच्या वस्तुमानाशी त्याचा मेळ घाला. एक बाजू खाल्लेल्या अन्नाची, दुसरी वाढलेल्या वजनाची. आता जेवणाऱ्यांपैकी मोठा वर्ग जर पडद्याआड जेवत असेल, तर हा जमाखर्च जुळणार कसा? कृष्णविवरे केव्हा वाढली, दीर्घिकांच्या वाढीशी त्यांचा संबंध काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे या शिरगणतीवर अवलंबून आहेत. अपुऱ्या शिरगणतीवरून काढलेला इतिहास कसा असतो हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

पडद्याआडचे शोधण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. रेडिओ लहरींना धूळ अडवू शकत नाही. नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या तीस प्रचंड तबकड्यांच्या दुर्बिणीला अशी रेडिओ केंद्रे उत्तम टिपता येतात. परंतु क्वेसारांपैकी सुमारे एक दशांशच रेडिओ लहरींत मोठ्याने बोलतात, बाकीचे जवळजवळ मुके. क्ष-किरण धुळीतून बरेच पार होतात, पण वायूचे आवरण फारच दाट असेल तर तेही गिळले जातात. (या सर्व पद्धतींची शास्त्रीय मांडणी ज्यांना वाचावयाची असेल त्यांच्यासाठी पुण्याच्या 'आयुका'तील अजित केंभवी आणि जयंत नारळीकर यांचा क्वेसार व सक्रिय दीर्घिकाकेंद्रांवरील इंग्रजी ग्रंथ १९९९ पासून उपलब्ध आहे. तो सोपा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) तिसरा मार्ग उष्णतेचा, आणि त्यातील मौज अशी, की जी धूळ गाभ्याला लपविते तीच त्याची चहाडी करते.

धुळीने प्रकाश अडविला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. ऊर्जा कोठे तरी जाणारच. धुळीचे कण प्रकाश पिऊन तापतात, आणि तापलेली वस्तू आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकते. चुलीतील निखाऱ्यावर राख चढली की तो डोळ्यांना दिसेनासा होतो. पण हात जवळ नेला की विस्तव आहे की नाही ते लगेच कळते. हा हात जवळ नेण्याचा प्रयोग विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशावर केला. लोलकातून पडलेल्या वर्णपटात त्यांनी तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. याच अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो.

वस्तू जितकी तप्त तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी आखूड, हा नियम येथे सर्व काम करतो. तरंगलांबी मोजण्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५८०० केल्विनच्या आसपास. त्याचा भर अर्ध्या मायक्रॉनवर, म्हणजे दृश्य प्रकाशात. आपले शरीर सुमारे ३१० केल्विन. आपण सर्वजण अंधाऱ्या खोलीतही नऊ मायक्रॉनच्या सुमारास तेजस्वी असतो. आता एखादी साधी, निद्रिस्त दीर्घिका घ्या. तिचा प्रकाश ताऱ्यांचा. असंख्य ताऱ्यांचा एकत्रित उजेड दीड मायक्रॉनच्या किंचित पुढे शिखर गाठतो आणि मग झपाट्याने उतरू लागतो. तिच्यात नवे तारे जन्मत असतील तर त्यांच्या भोवतीची धूळही तापते, पण बेताचीच. बहुतेक धूळ वीस ते पन्नास केल्विन इतकी थंडगार राहते आणि तिचा भर शंभर मायक्रॉनच्या आगेमागे असतो. म्हणजे आलेख काढला तर एकीकडे ताऱ्यांचा डोंगर, दुसरीकडे थंड धुळीचा डोंगर, आणि मधे तीनपासून दहाएक मायक्रॉनपर्यंत एक खिंड. या खिंडीत तेज कमी असावे अशी अपेक्षा.

सक्रिय केंद्र असेल तर ही खिंड भरून निघते. कारण कृष्णविवराच्या निकट असलेली धूळ शेकडो ते हजारांहून अधिक केल्विनपर्यंत तापलेली असते. ताऱ्यांच्या पाळण्यात एवढी उष्ण धूळ इतक्या प्रमाणात सहसा नसते. यातही एक सुंदर गोष्ट आहे. सुमारे १५०० केल्विनच्या पुढे धूळ टिकतच नाही. तिची वाफ होते. त्यामुळे गाभ्याभोवती धूळविरहित पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीच्या काठावरची धूळ नेहमी वितळबिंदूच्या जवळ, साधारण त्याच तापमानाला असते. गाभा दुबळा असेल तर पोकळी लहान, प्रचंड असेल तर पोकळी मोठी. पण काठावरचे तापमान जवळपास तेच. म्हणून सामान्य सायफर्ट दीर्घिका आणि दांडगा क्वेसार यांच्या तेजात हजारो पटींचा फरक असला तरी त्यांचा अवरक्त रंग पुष्कळसा सारखा भरतो. कुळाचा रंग म्हणतात तो हाच! काठापासून बाहेर जावे तसतशी धूळ थंड होत जाते, आणि या सर्व थरांचे तेज एकत्र येऊन तीनपासून तीस मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मध्य-अवरक्त पट्टा उजळून निघतो.

आता वजाबाकी. ताऱ्यांचे तेज 'प्रती'त सांगण्याची जुनी चाल आहे. परीक्षेतील क्रमांकाप्रमाणे येथेही आकडा जितका लहान तितके तेज अधिक. या मोजपट्टीचे शून्य अभिजित ताऱ्यावर बसविलेले आहे, आणि तेही प्रत्येक फिल्टरमध्ये. म्हणजे कोणत्याही दोन फिल्टरांतील अभिजितच्या प्रतींची वजाबाकी शून्य. ३.४ आणि ४.६ मायक्रॉन हे दोन फिल्टर घेतले तर बहुतेक सर्व साध्या ताऱ्यांची वजाबाकीही शून्याच्या आसपास येते, कारण तेथे सर्वच ताऱ्यांचा आलेख सारख्या उताराने खाली येत असतो. साध्या, जवळच्या दीर्घिकांचेही तसेच. परंतु गरम धूळ असेल तर ४.६ वरील तेज अपेक्षेहून अधिक भरते, तेथील प्रतीचा आकडा घटतो, आणि वजाबाकी वाढते. ती ०.८ भरली याचा अर्थ, अभिजितच्या तुलनेत लांब लहरीचे तेज दुपटीहून किंचित अधिक आहे. इतकेच.

इतके सोपे होते तर उशीर का झाला? कारण मध्य-अवरक्त किरणांत सर्वच वस्तू चमकतात: आपले वातावरण, दुर्बिणीची नळी, खुद्द आरसासुद्धा. भर दुपारी, स्वतःच पेटलेल्या दुर्बिणीतून तारे पाहण्यासारखे ते काम. दुर्बीण अवकाशात न्यायची आणि तीही कमालीची थंड करून, हाच उत्तम उपाय. अमेरिका, हॉलंड आणि ब्रिटन यांचा 'आयरास' उपग्रह जानेवारी १९८३ मध्ये उडाला आणि दहा महिने चालला. त्याच्या २५ आणि ६० मायक्रॉनच्या मोजणीवरून, ज्या दीर्घिकांचा रंग 'उबदार' आहे त्यांत सायफर्ट दीर्घिका दाटीने सापडतात, हे लायडनच्या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखविले. पुढील मोठे पाऊल 'स्पिट्झर' दुर्बिणीचे. ऑगस्ट २००३ मध्ये ती उडाली, ३.६, ४.५, ५.८ आणि ८ मायक्रॉन असे तिचे चार फिल्टर. दोन रंगांचा आलेख काढला की सक्रिय केंद्रे एका पाचरीच्या आकाराच्या भागात जमा होतात, हे मार्क लेसी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आणि डॅनियल स्टर्न आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. स्पिट्झरने आकाशाचे निवडक तुकडे खोलवर पाहिले. सबंध आकाश पालथे घातले ते 'वाइज'ने. डिसेंबर २००९ मध्ये उडालेल्या या उपग्रहाचा आरसा अवघा ४० सेंटिमीटरचा, आणि त्याला थंड ठेवण्यासाठी गोठविलेला हायड्रोजन. फिल्टर चार: ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. त्याच्या अंतिम सूचीत चौऱ्याहत्तर कोटींहून अधिक ज्योती आहेत.

२०१२ मध्ये स्टर्न आणि सहकाऱ्यांनी नियम सुचविला तो असा: ४.६ मायक्रॉनमधील प्रत १५.०५ हून तेजस्वी आणि वजाबाकी ०.८ किंवा अधिक, तर ती ज्योत सक्रिय केंद्र समजावी. आकाशाच्या ज्या तुकड्याची स्पिट्झरने बारकाईने पाहणी केली होती तेथे पडताळा घेतला. अशा निवडलेल्या ज्योतींपैकी शेकडा ९५ खरोखर सक्रिय केंद्रे होती, आणि तेथील ज्ञात सक्रिय केंद्रांपैकी शेकडा ७८ या जाळ्यात सापडली. दर चौरस अंशात सुमारे बासष्ट! पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढ्या आकाशात सुमारे बारा. चंद्राकडे पाहून उसासे टाकणाऱ्या कवींनी याची नोंद घ्यावी.

मला या विषयात सर्वांत विचारप्रवर्तक वाटते ती ही शेकड्यांची जोडी. एकीला विश्वसनीयता म्हणतात: जे निवडले त्यात खरे किती. दुसरीला पूर्णता: जे खरे आहे त्यातले निवडले किती. या दोघींचे पटत नाही. संतांच्या गाथेचे संपादन करणाऱ्यांना हे भांडण चांगले परिचयाचे असते. प्रत्येक संशयित अभंग प्रक्षिप्त म्हणून गाळावा तर अस्सलही चार गळतात. एकही अस्सल सुटू नये म्हणावे तर नकली आत शिरतात. २०१८ मध्ये रोबेर्तो असेफ आणि सहकाऱ्यांनी वाइजच्या सूचीवरून, तीस हजार चौरस अंश आकाशासाठी, एक न करता दोन याद्या प्रसिद्ध केल्या. नव्वद टक्के विश्वसनीयतेचा आग्रह धरला तर यादीत सुमारे पंचेचाळीस लाख केंद्रे येतात. पंचाहत्तर टक्के पूर्णतेचा आग्रह धरला तर दोन कोटी नऊ लाख! आकाश तेच, मोजणी तीच, फक्त रेघ कोठे ओढायची हा प्रश्न. शास्त्राचे निष्कर्ष यंत्रातून आपोआप बाहेर पडतात असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही याद्या प्रामाणिक आहेत. कोणती वापरायची ते आपण काय विचारतो यावर ठरते. एखाद्या वस्तूवर मोठ्या दुर्बिणीचा महागडा वेळ खर्च करावयाचा असेल तर पहिली. एकही दुर्मिळ नमुना सुटू नये असे वाटत असेल तर दुसरी.

नकली कोण कोण शिरतात तेही पाहण्यासारखे आहे. पहिले तोतये आपल्या अगदी शेजारचे. तपकिरी खुजे म्हणजे पुरेशा वस्तुमानाअभावी न पेटलेले तारे. त्यांपैकी फार थंड असतात त्यांच्या वातावरणात मिथेन असतो, आणि तो नेमका ३.४ च्या फिल्टरमधील प्रकाश खातो. वजाबाकी मोठी येते आणि साडेसहा प्रकाशवर्षांवरचा खुजा अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारासारखा दिसू शकतो. (केविन लुमन यांनी २०१३ मध्ये वाइजच्या चित्रांतूनच एवढ्या अंतरावर खुजांची एक जोडी शोधून काढली.) १२ मायक्रॉनचा तिसरा फिल्टर येथे बराचसा निवाडा करतो. दुसरे तोतये अतिदूरच्या साध्या दीर्घिका. विश्वाच्या प्रसरणामुळे त्यांचा प्रकाश ताणला जातो. दीड मायक्रॉनपुढचे ताऱ्यांचे शिखर सरकत सरकत ३.४ पर्यंत किंवा त्याही पलीकडे येते, आणि धूळ नसतानाही रंग बदलतो. अशा दीर्घिका मंद असतात, म्हणूनच नियमात तेजाची अट घातली आहे. तिसरे तोतये काही खुज्या दीर्घिका, ज्यांत नवजात ताऱ्यांचा एवढा जोर असतो की त्यांची धूळही केंद्राशेजारच्या धुळीसारखी तापते.

उलट बाजूने, खरी केंद्रे निसटतात तीही थोडी नाहीत. गाभा दुबळा आणि भोवतीची दीर्घिका ताऱ्यांनी गजबजलेली असेल तर ताऱ्यांचा प्रकाश धुळीच्या तेजावर मात करतो, वजाबाकी ०.८ पर्यंत पोचतच नाही. आणि गंमत म्हणजे, काही अत्यंत प्रचंड केंद्रेही निसटतात. त्यांच्यावर धुळीचे एवढे पांघरूण असते की ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचा प्रकाशही जवळजवळ पूर्ण गिळला जातो. १२ आणि २२ मायक्रॉनला मात्र ती धगधगतात. पहिल्या दोन फिल्टरांत जवळपास अदृश्य आणि शेवटच्या दोनांत तेजस्वी, अशा वस्तू मुद्दाम धुंडाळल्यावर एक नवा वर्गच हाती आला. त्यांतील एक दीर्घिका सूर्याच्या तीनशे लाख कोटी पटींहून अधिक तेज ओतते असे २०१५ मध्ये जाहीर झाले. तोवर सापडलेल्या दीर्घिकांत ती सर्वांत तेजस्वी ठरली.

वाइजचा गोठलेला हायड्रोजन २०१० मध्येच संपला. परंतु पहिले दोन फिल्टर थंडाव्याशिवायही चालत. त्यामुळे काही काळ झोपविलेला हा उपग्रह २०१३ मध्ये पुन्हा जागा करून पृथ्वीजवळच्या लघुग्रहांच्या शोधासाठी जुंपण्यात आला, आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत राबला. लघुग्रहांच्या निमित्ताने त्याने सबंध आकाश पुन्हा पुन्हा टिपले, त्यामुळे लक्षावधी सक्रिय केंद्रांच्या तेजातील चढउतारांची दहा वर्षांची वही आयतीच तयार झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो वातावरणात शिरून जळून गेला.

डिसेंबर २०२१ मध्ये उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या पहिल्या दीडएक अब्ज वर्षांत असंख्य चिमुकले तांबडे ठिपके सापडले आहेत. पुष्कळांच्या वर्णपटात रुंद रेषा आहेत, म्हणजे सायफर्टच्या कसोटीने ती वाढती कृष्णविवरे असावीत. पण मध्य-अवरक्त पट्ट्यात पाहिले तर त्यांपैकी पुष्कळांत गरम धुळीची अपेक्षित धग आढळत नाही. खिंड रिकामीच! त्यांचा तांबडेपणा धुळीचा नसून दाट वायूच्या वेष्टनाचा आहे, असे काही संशोधक म्हणतात. वाद चालू आहे. वीस वर्षे ज्या वजाबाकीने लपलेल्यांना उघडे पाडले, तिच्या जाळ्यातून ही मंडळी उघड्यावर असूनही सुटतात.